नदीपलीकडचा माशीमार

संग्रहालयातल्या पक्ष्यांच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी डांबरगोळ्यांचा वास यायचा आणि मग ती. बावीस वर्षं त्या खोलीत काढल्यावर वास कुठे संपतो आणि बाई कुठे सुरू होते, हे तिच्या नवऱ्यालाही सांगता येत नसे. म्हणून सगळे तिला पाठीमागे 'डांबरगोळी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की डांबरगोळीमुळे निदान किडे तरी पळतात. या इमारतीत काही माणसं अशी आहेत की त्यांच्यामुळे काहीच पळत नाही, उलट फायलींची चळत तेवढी वाढते.

अशा माणसांत पहिला मान महर्षींचा. हेही नाव पाठीमागचंच. तोंडावर सगळे 'साहेब' म्हणत. साहेब निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण ती बातमी त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचली नव्हती. ते 'सल्लागार' होते. सल्ला कोणी मागत नसे, पण त्यानं त्यांचं काही अडत नसे. साहेबांच्या नावावर एक अख्खा पक्षी होता. उष्ण प्रदेशातल्या दाट रानात राहणारा, मुठीत मावेल एवढा, फांदीवरून झेप घेऊन उडती माशी टिपणारा आणि परत त्याच फांदीवर येऊन साळसूदपणे बसणारा माशीमार. पूर्वीच्या पुस्तकांत तो एकच होता. चौतीस वर्षांपूर्वी साहेबांनी त्याचे दोन केले. मोठ्या नदीच्या उत्तरेला राहतो तो फिका माशीमार, दक्षिणेला राहतो तो गर्द माशीमार. फिक्याचा गळा दुधाळ चहासारखा, गर्दाचा दूध कमी पडलेल्या चहासारखा. नदी दोघंही ओलांडत नाहीत. का ओलांडत नाहीत, ते साहेबांनी पक्ष्यांना विचारलं नव्हतं.

तसे नियम फार सोपे होते. उत्तरेकडून आलेला पक्षी फिका, दक्षिणेकडून आलेला गर्द. दक्षिणेतून एखादा फिका आलाच, तर साहेब म्हणत, "पिल्लू आहे अजून." उत्तरेतून गर्द आला, तर म्हणत, "आजारी दिसतोय." एवढ्यानंही भागलं नाही, तर पक्ष्याचं काही चुकलेलं नसे, चिठ्ठी लिहिणाऱ्याचं चुकलेलं असे.

आणि इथे डांबरगोळीच्या घराचा संबंध येत होता. ती चिठ्ठी तिच्या वडिलांनी लिहिलेली होती.

अण्णा संग्रहालयाचे कातडीवाले. पक्षी सोलून, आत कापूस भरून, टाके घालून त्याला असा निजवायचे की पाहणाऱ्यानं हळू बोलावं. मग त्याच्या पायाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची. तीवर जागा, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव. अक्षर अण्णांचं आणि नाव साहेबांचं, कारण मोहीम साहेबांची. साहेब विश्रामगृहात मच्छरदाणीत बसून मोहीम करत आणि अण्णा गुडघाभर चिखलात. खोलीतल्या शेकडो चिठ्ठ्यांवर पकडणारा म्हणून साहेबांचंच नाव होतं. ज्या माणसानं आयुष्यात घरातली पालही हाकलली नव्हती, त्यानं कागदोपत्री आठशे पक्षी पकडले होते.

चौतीस वर्षांपूर्वीच्या मोहिमेत अण्णा एकटेच नदी ओलांडून तीन दिवस दक्षिणेला चालत गेले आणि एका टेकडीवरून एक माशीमार घेऊन आले. साहेबांनी तो उजेडात धरला. पक्षी फिका होता. त्यात भर म्हणजे ती टेकडी इतकी दूर होती की तिथे माशीमारच नाही, असं पुस्तक सांगत होतं. आता पुस्तक खोटं की पक्षी? साहेबांनी फार विचार केला नाही. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि चिठ्ठीवर लिहिलं: 'स्थळ संशयास्पद. हा पक्षी मी पकडलेला नाही. कातडीवाल्याने स्वतःच्या जबाबदारीवर आणला असून नोंदही त्याचीच आहे.' पकडणारा म्हणून अण्णांनी सवयीनं लिहिलेलं साहेबांचं नाव त्यांनी लालनंच कापलं, वर अण्णांचं नाव घातलं, खाली सही ठोकली आणि तारीख टाकली. हात झटकून मोकळे.

अण्णा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "साहेब, पक्षी ताजा आहे. कातडं मुरलं की रंग चढतो. तुम्ही याला ज्या दक्षिणेतल्या पक्ष्यांशी ताडून बघताय, ते शंभर वर्षांचे म्हातारे आहेत. थोडं थांबा."

"तू मला पक्षी शिकवणार?" साहेब म्हणाले.

झालं. शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं की एका बेजबाबदार नोकराच्या चुकीच्या नोंदीमुळे गोंधळ उडाला असता, पण वेळीच लक्षात आलं. त्यानंतर अण्णांना रानात कोणी पाठवलं नाही. रानाशिवाय ज्या माणसाला झोप येत नसे, त्यानं पुढची बारा वर्षं खणांत डांबरगोळ्या घालण्यात काढली आणि मग तीच जागा लेकीला देऊन ते घरी बसले. आता ऐंशी पुरी झाली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पाय साथ देत नव्हते. रोज लेक घरी आली की ते एकच विचारायचे, "लाल आहे का गं अजून?"

"आहे, अण्णा."

"बरं," म्हणायचे आणि कूस बदलायचे. त्या 'बरं'नं तिच्या काळजाला घरं पडायची.

तसं तिला ते लाल पुसायला किती वेळ लागणार होता? एकदा भर दुपारी खोलीत कोणी नसताना तिनं खोडरबर हातात घेतलंही होतं. पण संग्रहालयाचा नियम भिंतीवर चौकटीत टांगलेला होता: 'चिठ्ठीवरचे काहीही, कोणीही, कधीही पुसू नये. दुरुस्ती असल्यास नवी चिठ्ठी शेजारी बांधावी.' खाली साहेबांची सही. नियम साहेबांचा असला तरी चांगला होता, ही खरी पंचाईत. अण्णांनीच तो तिला लहानपणी शिकवला होता. खोटं पुसलेलं आणि खरं पुसलेलं नंतर सारखंच दिसतं, म्हणायचे. तिनं रबर परत डब्यात टाकलं.

आणि आता वेळच उरला नव्हता. नवी लोखंडी कपाटं आली होती. जागा कमी म्हणून संशयास्पद नमुने शनिवारी काढून टाकायचे, असं ठरलं होतं. ठरवलं कोणी? सल्लागारांनी. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांचा सल्ला मागितला, तर त्यांनी तो हा दिला. शनिवारी अण्णांचा माशीमार मागच्या अंगणातल्या भट्टीत जाणार होता. मग लाल पुसायचा प्रश्नच मिटणार होता.

बुधवारी नकाशावाली येणार होती. जगभरच्या उष्ण प्रदेशातल्या पक्ष्यांचा एक मोठा ग्रंथ निघत होता, आणि कुठला पक्षी कुठपर्यंत राहतो याचे नकाशे काढायचं काम तिच्याकडे होतं. संग्रहालयामागून संग्रहालय पालथं घालत, एकेक चिठ्ठी वाचत ती ठिपके देत चालली होती. एकदा का त्या ग्रंथात ठिपका पडला, की पुढची पन्नास वर्षं कोणाची बिशाद नव्हती तो हलवायची.

डांबरगोळीनं मंगळवारी माशीमारांचा खण उघडला. एकतीस पक्षी. गेली बावीस वर्षं ती त्यांना रोज पाहत होती, आणि रोज पाहिलेली गोष्ट दिसत नाही, हेच खरं. पण त्या दिवशी तिनं ते उजेडात ओळीनं मांडले आणि अण्णांचं ते जुनं वाक्य तिच्या कानात वाजलं. उत्तरेचे 'फिके' आता फिके कुठे होते? चौतीस वर्षांत मुरून मुरून ते दक्षिणेच्या म्हाताऱ्यांसारखेच तांबूस झाले होते. फिके होते फक्त सहा, तेही पाच वर्षांपूर्वी नव्यानं आलेले. तीन इकडचे, तीन तिकडचे. आणि अण्णांचा पक्षी? तो तर असा मुरला होता की गर्द म्हणावं तर यालाच.

म्हणजे साहेबांनी चौतीस वर्षांपूर्वी दोन जाती शोधल्या होत्या खऱ्या. एक जुनी कातडी, दुसरी नवी कातडी!

ती एकटीच इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या फुलपाखरांच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं. मग तिनं जुनी पाकिटं कापून एकतीस पिशव्या केल्या, एकेका चिठ्ठीवर चढवल्या आणि तोंडं दोऱ्यानं बांधली. कोणी विचारलंच, तर कारण तयार होतं: नव्या कपाटात जाण्याआधी धुरी द्यायची आहे, चिठ्ठ्यांची शाई उडायला नको.

बुधवारी नकाशावाली आली. किडकिडीत, गळ्यात दोन चष्मे, खांद्याला कागदांची नळी. साहेब दारापासूनच बोलत होते. "माझी प्रजाती" हे शब्द त्यांनी जिन्यावर चारदा, बोळात तीनदा उच्चारले. खोलीत येऊन त्यांनी खण पाहिला आणि थबकले.

"हे काय, बाई? चिठ्ठ्या झाकल्या कशाला?"

"धुरीसाठी, साहेब," ती म्हणाली. "सोडू का? सोडते की. एकतीस गाठी आहेत, अर्धा तास लागेल." आणि नकाशावालीकडे वळून कौतुकानं म्हणाली, "तशी साहेबांना चिठ्ठी लागत नाही हो, मॅडम. पाठमोरा पक्षी असला तरी सांगतात, नदीच्या कुठल्या अंगाचा."

हरभऱ्याच्या झाडावर चढायला साहेबांना शिडी कधी लागतच नसे.

"तसं काही नाही," ते म्हणाले. याचा अर्थ तसंच आहे.

"खरंच?" नकाशावालीनं एक चष्मा काढून दुसरा लावला. तिनं खणाकडे पाहिलं, मग डांबरगोळीकडे, जरा जास्त वेळ. "मग राहू देत झाकलेल्याच. सर, तुम्ही नुसत्या नजरेनं दोन ढीग करता? मला शिकायला मिळेल."

आता नाही कसं म्हणणार? साहेबांनी बाह्या सरसावल्या. पहिला पक्षी उचलला, गळा पाहिला. "गर्द. दक्षिण." दुसरा. "दक्षिण." तिसरा. "हाही दक्षिण. आमच्याकडे दक्षिणेचे नमुने भरपूर आहेत." चौथा, पाचवा, सहावा दक्षिण. दहाव्याला त्यांचा आवाज जरा उतरला. पंधराव्याला त्यांनी खिडकीचा पडदा सरकवला, उजेड कमी आहे म्हणाले. उजेड लख्ख होता. नाचता येईना अंगण वाकडं! शेवटी एका ढिगात पंचवीस आणि दुसऱ्यात सहा. पंचविसांतून त्यांनी एक निवडून वर ठेवला आणि त्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं.

"हा बघा. दक्षिणेचा गर्द माशीमार म्हणजे काय, ते कोणाला दाखवायचं असेल तर हा दाखवावा. नमुनेदार! याच्याबद्दल दुमत होणं शक्य नाही."

त्या पक्ष्याच्या पोटावरचा टाका न्‌ टाका डांबरगोळीला पाठ होता. टेकडीवरून आणलेला अण्णांचा पक्षी होता तो.

"सोडा, बाई, गाठी," नकाशावाली म्हणाली.

तिनं सोडल्या. नकाशावाली एकेक चिठ्ठी वाचत गेली. दक्षिणेच्या ढिगातला पहिला उत्तरेचा निघाला, दुसराही, चौथाही. पंचविसांतले तेरा उत्तरेचे. फिक्या सहांतले तीन दक्षिणेचे. वाचताना तिचा आवाज अगदी सपाट होता, त्यामुळे ते आणखीच वाईट ऐकू येत होतं. शेवटी ती म्हणाली, "सर, ही रंगाची नाही, वयाची विभागणी आहे. जुनी कातडी गर्द, नवी फिकी. पक्षी एकच आहे. मी एकच दाखवणार."

साहेब खुर्चीत बसले. नदीच्या दोन्ही अंगांचे पक्षी त्यांच्यासमोर एकाच रंगात पडले होते. घटकाभर डांबरगोळीला त्यांची कीवसुद्धा आली. चौतीस वर्षं माणूस ज्या खुंटीवर टांगलेला असतो, ती निघाली की तो पडणारच. पण साहेब पडले तरी नाक वर ठेवणाऱ्यांतले होते, आणि तिची कीव वाया गेली.

"आणि हा?" नकाशावालीनं तो नमुनेदार पक्षी उचलला. अण्णांचं अक्षर वाचताना ती एकदम पुढे झुकली. "हा नदीपासून तीन दिवसांच्या वाटेवरचा आहे! म्हणजे हा पक्षी आपण समजत होतो त्याच्या कितीतरी दक्षिणेपर्यंत जातो. अख्ख्या नकाशावरचा सगळ्यात खालचा ठिपका हा. पण इथे लालनं 'संशयास्पद' लिहिलंय?"

"संशय कसला!" साहेब ताडकन उठले. "आत्ताच सांगितलं ना मी, दक्षिणेचा आहे, दुमत होणं शक्य नाही म्हणून? चिठ्ठी न बघता सांगितलं! स्थळ अगदी बरोबर आहे. तेव्हा जरा... जास्त काळजी घेतली होती एवढंच. बाई, नवी चिठ्ठी लिहा. 'स्थळ बरोबर.' सही करतो मी."

चौतीस वर्षं. आणि सही करायला लागला एवढासा वेळ. तिनं चिठ्ठी लिहिली. साहेबांनी सही केली.

"ग्रंथात प्रत्येक टोकाच्या ठिपक्याखाली पक्षी कोणी आणला त्याचं नाव देतो आम्ही," नकाशावाली वही उघडत म्हणाली. "कोणाचं घालू?"

"माझं," साहेब म्हणाले. जात गेली तर गेली, ठिपका तरी! "मोहीम माझी होती. या खोलीतल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर माझंच नाव आहे, बघून घ्या. बाई, नव्या चिठ्ठीवर तेवढं घाला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पक्षी उचलला आणि जुनी चिठ्ठी पालथीची उताणी केली.

"घालते की, साहेब. पण जुन्या चिठ्ठीवरचं पुसता येत नाही. नियम तुमचाच आहे, तो बघा भिंतीवर. मॅडम, लाल पुढे वाचा ना. पहिल्या दोन शब्दांपुढे कोणी वाचतच नाही."

नकाशावालीनं तिसरा चष्मा असता तर तोही लावला असता. ती मोठ्यानं वाचू लागली. "'हा पक्षी मी पकडलेला नाही. कातडीवाल्याने स्वतःच्या जबाबदारीवर आणला असून नोंदही त्याचीच आहे.' पकडणाऱ्याचं एक नाव कापलंय, वर दुसरं घातलंय. खाली सही. तारीख." तिनं मान वर केली. "सही तुमचीच ना, सर?"

नवी सही शेजारीच ओली होती. दोन्हींच्या शेपट्या सारख्याच वळलेल्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना कुठेतरी जायचं होतं, कुठे ते त्यांना आठवलं नाही, पण ते गेले. नकाशावालीनं वहीत अण्णांचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि स्पेलिंग बरोबर आहे ना ते दोनदा विचारलं. साहेबांच्या आठशे पक्ष्यांच्या त्या खोलीत अण्णांचं नाव असलेला तो एकच पक्षी होता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते. चपला काढायच्या आत प्रश्न आला.

"लाल आहे का गं अजून?"

"आहे, अण्णा. आणि राहणार आहे."

"बरं."

"बरं काय, ऐका तरी!" ती खाली त्यांच्या पायाशी बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली. पंचवीस आणि सहा. नमुनेदार. एकच पक्षी. साहेब पडद्याशी झोंबत होते तिथे अण्णा हसले, खोकले, पुन्हा हसले. मग तिनं ते लाल वाक्य शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं. पकडलेला नाही. नोंदही त्याचीच. खाली सही.

अण्णांनी ते वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावलं. "हे पुढचं मी कधी वाचलंच नाही गं," ते म्हणाले. "पहिलाच शब्द इतका लागायचा की पुढे नजर जायची नाही. बारा वर्षं! माझ्याच हातानं त्या खणात डांबरगोळ्या घालत होतो, आणि माझंच सर्टिफिकेट आत पडलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आणि हसता हसता ते रडायला लागले, तोंड न झाकता, ढसाढसा. ती पण रडली. नवरा चहा घेऊन आला, दोघांकडे पाहिलं आणि पेले ठेवून परत गेला.

"ठिपका केवढा आहे?" डोळे पुसून अण्णांनी विचारलं.

"मोहरीएवढा."

"पुरे झाला. मला काय त्यावर मांडी घालून बसायचंय?" त्यांनी पेला चाचपून हातात घेतला. चहा निम्मा झाल्यावर त्यांना काहीतरी आठवलं. "उद्या गेलीस की त्या चिठ्ठीपाशी दोन गोळ्या जास्त ठेव. लाल अक्षरांना कसर लागायला नको."